ऑपरेशन झालं, मग ओळखत का नाही?

गेल्या अंकात मी जन्मापासून दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू असलेल्या आणि बऱ्याच उशिरा, आठ-दहा-बारा वर्षांच्या वयात ऑपरेशन झालेल्या मुलांविषयी लिहिलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न या वेळी घेतले आहेत. नव्या वाचकांसाठी सांगते, मी विशेष शिक्षिका आहे. अंध मुलांना ब्रेल आणि पांढरी काठी घेऊन चालणं शिकवण्यात माझी बरीच वर्षं गेली. आता ऑपरेशननंतर दिसू लागलेली मुलंही माझ्याकडे येतात. डोळ्यांवरचे उपचार डॉक्टरांनी सांगायचे. मी सांगते ते त्यानंतर घरात आणि वर्गात काय घडतं, ते.

प्रश्न : माझा मुलगा ११ वर्षांचा आहे. जन्मापासूनचा मोतीबिंदू होता. दोन महिन्यांपूर्वी दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणतात, ऑपरेशन उत्तम झालंय. पण टेबलावर ठेवलेली कात्री तो ओळखत नाही, आणि हातात दिली की क्षणात सांगतो. जिना उतरताना तर चक्क डोळे मिटून घेतो. त्याचे बाबा म्हणतात, हा प्रयत्नच करत नाही. आम्ही काय करावं? – एक आई

आधी बाबांना सांगा, तो आळस करत नाही. खरं तर तुमच्या घरात सध्या सगळ्यात जास्त कष्ट तोच करतोय.

ऑपरेशननंतर प्रकाश आत शिरला, दृष्टिपटलावर चित्र उमटू लागलं. इथे सर्जनचं काम संपलं. पण त्या चित्रातला कुठला भाग कात्रीचा, कुठला टेबलाचा, कुठला कात्रीच्या सावलीचा, हे डोळा सांगत नाही. ते मेंदूने ठरवायचं असतं. आपण ते आयुष्याच्या पहिल्या काही महिन्यांत, कुणी न शिकवता शिकलो, म्हणून ते शिकावं लागतं हेच आपल्या लक्षात येत नाही. तुमच्या मुलाने अकरा वर्षं कात्री ओळखली ती थंड धातू, दोन गोल भोकं, मधला खिळा अशी. समोरच्या चकाकत्या आकाराचा आणि त्या कात्रीचा संबंध त्याच्या मेंदूत अजून जुळलेलाच नाही.

हा प्रश्न तीनशे वर्षांहून जुना आहे. १६८८ मध्ये विल्यम मॉलिन्यू या आयरिश विद्वानाने तत्त्वज्ञ जॉन लॉक यांना पत्र लिहून विचारलं होतं : जन्मांध माणूस घन आणि गोल स्पर्शाने ओळखतो. त्याला दृष्टी मिळाली, तर हात न लावता, नुसतं पाहून कुठला घन आणि कुठला गोल हे सांगता येईल का? मॉलिन्यूची स्वतःची पत्नी अंध होती, त्यामुळे हा त्याच्यासाठी नुसता बुद्धीचा खेळ नसावा असं मला नेहमी वाटतं. दोघांचंही उत्तर ‘नाही’ असं होतं. पण खरी परीक्षा व्हायला २०११ साल उजाडलं. अंध मुलांवर उपचार आणि त्यांच्या दृष्टीचा अभ्यास करणाऱ्या ‘प्रोजेक्ट प्रकाश’ या उपक्रमात अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाचे प्राध्यापक पवन सिन्हा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतातल्या ८ ते १७ वर्षांच्या पाच मुलांना ऑपरेशननंतर ४८ तासांच्या आत तपासलं. एक आकार पाहायचा आणि मग तोच दोन आकारांतून पाहून निवडायचा, हे मुलांना जमलं. हाताने चाचपलेला आकार हातानेच चाचपून निवडणं तर सहजच जमलं. पण हाताने चाचपलेला आकार नुसता पाहून निवडा म्हटल्यावर बरोबर उत्तरं ५८ टक्क्यांच्या आसपास आली. डोळे झाकून अंदाज केला असता तरी ५० टक्के आलीच असती. आता यातला मला सगळ्यात आवडणारा भाग : काही मुलांची नंतर पुन्हा चाचणी घेतली, तेव्हा आठवड्याभरातच त्यांची कामगिरी कितीतरी सुधारलेली होती. त्यांना कुणी तालीम दिलेली नव्हती. ती आपली घरात वावरत होती, वस्तू हातात घेऊन बघत होती, एवढंच.

सगळ्याच गोष्टी मात्र आठवड्यात येत नाहीत. लंडनचे सर्जन विल्यम चेसेल्डन यांनी १७२८ मध्ये अशाच एका तेरा-चौदा वर्षांच्या मुलाची हकिगत लिहून ठेवली आहे. कुत्रा कुठला आणि मांजर कुठलं हे तो सारखं विसरायचा आणि विचारायला लाजायचा. एकदा त्याने मांजराला पकडलं, हाताने नीट चाचपलं, त्याच्याकडे टक लावून पाहिलं आणि ‘आता पुढच्या वेळी ओळखीन तुला’ अशा अर्थाचं काहीतरी म्हणून सोडून दिलं. भिंतीवरची चित्रं त्याला बरेच दिवस नुसते रंगाचे पट्टे वाटत होते. ती कशाची तरी चित्रं आहेत हे दोन महिन्यांनी उमगलं, तेव्हा तो हात लावून पाहू लागला आणि सपाट कागद लागल्यावर चक्रावला. खोटं कोण सांगतंय, स्पर्श की नजर, असं त्याने विचारलं. माझ्याकडच्या मुलांनी हाच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारलेला आहे.

आता जिना. वरून पाहिलं तर जिना म्हणजे आडव्या रेघा. त्यातली कुठली रेघ पायरीची कड, कुठली सावली आणि कुठली फरशीतली नक्षी, हे त्याला अजून कळत नाही. पाय मात्र त्याचे अकरा वर्षं पायऱ्या ओळखताहेत. डोळ्यांची माहिती गोंधळ घालतेय म्हणून तो ती बंद करतो आणि भरवशाच्या माहितीवर चालतो. हे शहाणपण आहे, त्याला थांबवू नका. प्रत्येक पायरीच्या कडेला ठळक रंगाची पट्टी लावा. काठी किंवा कठड्यावरचा हात राहू द्या. डोळे उघडे ठेवून उतरणं तो स्वतःच सुरू करेल, बहुधा ओळखीच्या जिन्यावर आणि तुमचं लक्ष नसताना.

कात्रीसाठी एक युक्ती सांगते. स्थिर वस्तू ओळखणं अवघड असतं, हलणारी सोपी जाते. ‘प्रोजेक्ट प्रकाश’मधल्याच २००९ च्या अभ्यासात दिसलं की, नव्याने दिसू लागलेल्यांना एकमेकांवर आलेले दोन आकार म्हणजे अनेक तुकडे वाटतात. तेच आकार हलू लागले की जे भाग एकत्र सरकतात ते एका वस्तूचे, हे मेंदू पटकन पकडतो. तेव्हा वस्तू समोर धरून ती हळूहळू हलवा. मग त्याच्या हातात द्या आणि पाहता पाहता चाचपू द्या. मागे साधा, एका रंगाचा पृष्ठभाग असू द्या. ‘हे काय? ते काय?’ असा भडिमार मात्र बंद करा. पाहुण्यांसमोर तर अजिबात नको. परीक्षा घ्यायला लागलं की मुलं अंदाज फेकतात, आणि अंदाज फेकायची सवय लागली की पाहणं मागे पडतं.

आणखी एक. डोळ्यात बसवलेलं कृत्रिम भिंग जवळ-लांब असं स्वतःहून जुळवून घेत नाही. जवळचं पाहायला चष्मा लागतोच. त्याच्याकडे तो आहे ना आणि त्याचा नंबर अलीकडे तपासलाय ना, एवढं आज पाहा. ‘मेंदूला अजून सवय नाही’ असं म्हणत सगळे थांबून राहतात आणि कारण साधा चष्मा निघतो, असं मी एकाहून अधिक मुलांच्या बाबतीत पाहिलंय.

प्रश्न : माझ्या वर्गात ऑपरेशननंतर दिसू लागलेली १० वर्षांची मुलगी आहे. ती ब्रेल उत्तम वाचते. घरचे म्हणतात, आता ब्रेल बंद करा, म्हणजे नाइलाजाने डोळे वापरेल. मला पटत नाही, पण ठामपणे सांगता येत नाही. – एक शिक्षक

सर, ठामपणे सांगा. माझं नाव घेऊन सांगितलंत तरी चालेल. ब्रेल बंद करायचं नाही.

दहा वर्षं अंध असलेल्या मुलीच्या मेंदूत ‘दृष्टीची जागा’ रिकामी पडलेली नसते. १९९६ मध्ये मेंदूच्या स्कॅनमधून दिसलं की, लहानपणापासून अंध असलेल्या व्यक्ती ब्रेल वाचतात, तेव्हा डोक्याच्या मागच्या बाजूचा, आपण ज्याला दृष्टीचा म्हणतो तो भाग काम करत असतो. पुढच्याच वर्षी आणखी स्पष्ट पुरावा आला. डोक्याबाहेरून चुंबकीय स्पंद देऊन तो भाग क्षणभर विस्कळीत केला, तर अंध वाचकांच्या ब्रेल वाचनात चुका होऊ लागल्या. म्हणजे तो भाग वाचनात खरोखर सहभागी होता. तुमच्या विद्यार्थिनीचं वाचन, तिची भाषा, तिचा अभ्यास बोटांवर उभा आहे. तो आधार काढून घेतला तर डोळ्यांनी वाचणं लवकर येणार नाही. ती फक्त वर्गात मागे पडेल आणि डोळ्यांचा राग करू लागेल.

शिवाय अपेक्षा किती ठेवायची हेही घरच्यांना कळायला हवं. इतक्या उशिरा ऑपरेशन झालेल्या मुलांची नजर सहसा पूर्ण तीक्ष्ण होत नाही. बऱ्याच जणांचे डोळे लहानपणापासून आपोआप हलत असतात आणि ते हलणं राहतं. बाराव्या वर्षी ऑपरेशन झालेल्या एका भारतीय स्त्रीचा अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रौढ वयात तिची दृष्टी ६/६० एवढीच होती, म्हणजे इतरांना साठ मीटरवरून दिसणारं तिला सहा मीटरवरून दिसायचं. तरीही वस्तू, आकार, माणसं ओळखण्याची बहुतेक कामं ती चांगली करत होती. या दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतात. बारीक छापील मजकूर तासन् तास वाचणं तुमच्या विद्यार्थिनीला कदाचित कधीच आरामाचं होणार नाही, पण मैदानात वावरणं, रंग, मोठी अक्षरं, मैत्रिणीचा हसरा चेहरा हे सगळं तिच्या आवाक्यात येऊ शकतं.

मोठी अक्षरं शिकवा, जरूर शिकवा, आणि बोटांच्या मदतीने शिकवा. रिचर्ड ग्रेगरी आणि जीन वॉलेस या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांनी १९६३ मध्ये एस. बी. या आद्याक्षरांनी ज्यांचा वृत्तांत लिहिला, त्या गृहस्थांना वयाच्या ५२ व्या वर्षी दृष्टी मिळाली. इंग्रजी कॅपिटल अक्षरं त्यांना लगेच वाचता आली, कारण अंधशाळेत ती कोरलेली अक्षरं बोटांनी शिकवलेली होती. छोट्या लिपीतली तशी शिकवलेली नव्हती, ती वाचता येईनात. घड्याळही ते बघताक्षणी वाचू लागले. काचेविना खिशातलं घड्याळ हाताने चाचपून वेळ बघायची त्यांना सवय होती. तेव्हा लाकडाची किंवा जाड पुठ्ठ्याची देवनागरी अक्षरं आणा, तिला हाताळू द्या आणि तीच अक्षरं शेजारी ठळक छापलेली ठेवा.

एक विनंती तुमच्या सगळ्या सहकाऱ्यांना. अशा मुलांना काळ्या-पांढऱ्या झेरॉक्सवरची चित्रं ओळखायला देऊ नका. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळलं की, उशिरा दृष्टी मिळालेल्या मुलांना रंगीत चित्रं ओळखता येतात, पण रंग काढून टाकला की त्यांची ओळख फार घसरते. आपलं तसं होत नाही. संशोधकांचा कयास असा की, नवजात बाळाला रंग नीट दिसत नाहीत, त्यामुळे त्याचा मेंदू आधी उजेड-अंधाराच्या फरकावर विसंबायला शिकतो. उशिरा पाहणाऱ्या मुलांना पहिल्या दिवसापासून चांगले रंग मिळतात आणि मेंदू त्यांनाच धरून बसतो. सुरुवातीची ती धूसर, फिकी नजरसुद्धा बाळाला काहीतरी शिकवून जात होती, हे कळल्यावर मी कितीतरी वेळ त्याचाच विचार करत होते.

प्रश्न : सात-आठ वर्षांनंतर मेंदू पाहायला शिकत नाही असं आम्ही शाळेत शिकलो. मग उशिरा ऑपरेशन करून उपयोग काय? – जीवशास्त्राचा विद्यार्थी

तुम्ही शिकलात त्याचा उगम डेव्हिड ह्युबेल आणि टॉर्स्टन वीझल या मेंदूशास्त्रज्ञांच्या १९६० च्या दशकातल्या प्रयोगांत आहे. त्यांनी मांजराच्या पिल्लांचा एक डोळा सुरुवातीचे काही महिने बंद ठेवला. नंतर तो उघडला तरी मेंदूतल्या पेशी त्याला जवळजवळ प्रतिसादच देत नव्हत्या. मोठ्या मांजराचा डोळा तितकाच काळ झाकला तर असं काही होत नव्हतं. १९८१ चा नोबेल पुरस्कार त्यांना या आणि संबंधित कामासाठी मिळाला. ते काम पक्कं आहे, त्यावर मी बोट ठेवणार नाही. माझा आक्षेप त्यातून काढलेल्या निष्कर्षावर आहे. एक डोळा चालू आणि एक बंद असेल, तर चालू डोळा मेंदूतली जागा बळकावतो. दोन्ही डोळे झाकलेले असणं ही वेगळी परिस्थिती आहे. आणि मुख्य म्हणजे, ‘पाहणं’ ही एकच एक क्षमता नाही. तिच्या प्रत्येक भागाची मुदत वेगळी आहे.

काही भाग मुदतीत हवेतच. कॅनडातल्या मानसशास्त्रज्ञ डॅफ्नी मॉरर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जन्मजात मोतीबिंदू काढलेल्या बाळांना तपासलं. ऑपरेशन होऊन कॉन्टॅक्ट लेन्स बसल्या, तेव्हा बाळाचं वय काहीही असो, त्याची नजर नवजात बाळाइतकीच होती. आणि फक्त एक तास पाहायला मिळाल्यावर ती मोजता येण्याइतकी सुधारली. १९९९ चा हा अभ्यास आहे. पण हीच मंडळी २००१ मध्ये दाखवतात की, जन्मानंतरचे पहिले काही महिने हुकलेल्यांना पुढे कित्येक वर्षं उत्तम दिसत असूनही चेहऱ्यातले बारीक फरक, म्हणजे डोळ्यांमधलं अंतर, नाक-तोंडाची ठेवण, पकडायला जड जातं. तेव्हा बाळाच्या डोळ्याच्या बाहुलीत पांढरं काही दिसलं तर त्याच आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचं. उशिराही शिकता येतं, या वाक्याचा ‘उशीर चालतो’ असा अर्थ कुणी काढला तर मला फार वाईट वाटेल.

उलट काही भागांना अनुभवाची गरजच नसावी असं दिसतं. एकमेकींकडे झुकत जाणाऱ्या दोन रेघांमध्ये समान लांबीच्या दोन आडव्या रेघा काढल्या, की अरुंद बाजूची आपल्याला मोठी वाटते. हा भ्रम रस्ते, रूळ, खोल्या पाहून पाहून होतो असं एक प्रसिद्ध मत होतं. २०१५ मध्ये, नुकतंच दिसू लागलेल्या ८ ते १६ वर्षांच्या नऊ मुलांना तो दाखवला. त्यांनाही तो लगेच झाला.

आणि मधले बरेच भाग उशिरा, सावकाश, अर्धेमुर्धे का होईना, सुधारतात. फिकट आणि गडद यांतला फरक ओळखण्याची ताकद वयाच्या आठव्या वर्षानंतर ऑपरेशन झालेल्या काही मुलांत वाढलेली २०१४ मध्ये नोंदवली गेली. काही मुलांत वाढली नाही. कुणात वाढेल हे आधी सांगता येत नाही, आणि नेमक्या याच कारणासाठी संधी नाकारणं मला अन्यायाचं वाटतं.

प्रश्न : मी १५ वर्षांची आहे. जन्मापासून ऐकू येत नव्हतं. १२ व्या वर्षी कॉक्लिअर इम्प्लांट (कानाच्या आत बसवायचं ऐकण्याचं यंत्र) केलं. सगळे विचारतात, आता येतं ना ऐकू? आवाज येतो, पण बोलणं कळत नाही. शाळेतून आले की डोकं भणभणतं. मशीन काढून ठेवलं की बरं वाटतं. आई रागावते. माझं चुकतंय का?

तुझं काहीच चुकत नाहीये. मी कानांची तज्ज्ञ नाही, म्हणून आमच्या केंद्रातल्या ऑडिओलॉजिस्टशी, म्हणजे श्रवणतज्ज्ञांशी बोलून मगच तुला लिहिते आहे.

ऐकणाऱ्या माणसाच्या कानात आवाज मेंदूकडे पाठवणाऱ्या साधारण साडेतीन हजार आतल्या केशपेशी असतात. तुझ्या इम्प्लांटमध्ये ते काम विजेचे सूक्ष्म स्पंद देणारे जास्तीत जास्त बावीस-चोवीस इलेक्ट्रोड करतात. तेवढ्यावर बोलणं समजतं हेच मोठं नवल आहे. ते समजायला मेंदूला भरपूर सराव लागतो, आणि हा सराव अगदी लहानपणी सोपा जातो. अमेरिकेतल्या संशोधक अनू शर्मा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये मेंदूचा आवाजाला मिळणारा प्रतिसाद मोजला. साडेतीन वर्षांच्या आत इम्प्लांट झालेल्या मुलांचा प्रतिसाद काही महिन्यांत त्यांच्या वयाच्या ऐकणाऱ्या मुलांसारखा झाला. सात वर्षांनंतर झालेल्यांचा बहुतेकांचा तसा झाला नाही. हे मी तुझ्यापासून लपवणार नाही. तू पंधरा वर्षांची आहेस, तुला खरं कळायला हवं. नुसत्या आवाजावर, ओठ न पाहता, सगळं बोलणं समजणं तुला कदाचित जमणार नाही. पण उशिरा इम्प्लांट झालेल्यांचे अनुभव एकमेकांपासून फार वेगळे असतात. आणि नुसते ओठ किंवा नुसता आवाज यांपेक्षा ओठ आणि आवाज मिळून कितीतरी जास्त कळतं. तुझी खरी कमाई बहुधा तिथेच होईल.

थकवा खरा आहे. तू दिवसभर प्रत्येक शब्द शोधून काढतेस, बाकीच्यांना तो आयता मिळतो. शाळेतून आल्यावर थोडा वेळ मशीन काढून शांत बसलीस तर त्यात गैर काही नाही. तो वेळ आईशी बोलून ठरवून घे, म्हणजे रोजचा वाद होणार नाही. बाकी जागेपणी मात्र ते लावून ठेव, कारण आवाज आलाच नाही तर मेंदूला शिकायला काही उरत नाही. डोकं रोजच भणभणत असेल तर ऑडिओलॉजिस्टना स्पष्ट सांग. मॅपिंग, म्हणजे मशीनची तुझ्यासाठी केलेली जुळणी, बदलून पाहता येतं.

सरावासाठी तुला पाठ असलेला धडा निवड. कुणीतरी सावकाश वाचेल, तू पुस्तकात बोट ठेवून मागे जा. कुठल्या शब्दाला कसा आवाज येतो हे आधी माहीत असलं की कान जुळायला लागतात. घरात अनोळखी आवाज आला की बिनधास्त विचार, ‘हा कशाचा?’ आणि जाऊन बघ. दार, पंखा, नळ, कागद. माझ्या ओळखीच्या एका मुलीला आपण चालतो तेव्हा आवाज होतो हेच माहीत नव्हतं. कळल्यावर ती कितीतरी दिवस पाय आपटत फिरत होती.

तू खुणांची भाषा वापरत असशील तर ती सोडू नकोस, कुणीही काहीही म्हटलं तरी. ज्या मुलांकडे आधीच एक भक्कम भाषा असते त्यांना नव्या आवाजांना अर्थ जोडायला काहीतरी हाताशी असतं.

प्रश्न : माझ्या धाकट्या बहिणीला १३ व्या वर्षी दिसू लागलं. आम्हाला वाटलं, ती आनंदाने नाचेल. ती चिडचिडी झालीय, बाहेर जायला नको म्हणते. – मोठी बहीण

तिच्या जागी जरा उभ्या राहून बघा. ऑपरेशनच्या आधी ती आपल्या जगात तरबेज होती. आवाजावरून माणूस, पावलांवरून खोली, वाऱ्यावरून दार ओळखत होती. आता अचानक ती सगळ्यांत कच्ची झाली आहे. त्यात उजेड डोळ्यांना टोचतो, गर्दीत सगळं एकदम अंगावर येतं, आणि घरचे तिच्या चेहऱ्यावर आनंद शोधत बसलेत. तो दाखवायचं ओझंही तिच्यावरच.

वर ज्यांचा उल्लेख केला, ते एस. बी. आंधळेपणी हिंमतीने रस्ते ओलांडत, कामधंदा करत. दिसू लागल्यावर त्यांना रस्त्याची भीती वाटू लागली, जग कळकट वाटू लागलं, ते खचत गेले आणि १९६० मध्ये वारले. हे लिहू की नको असा विचार केला, पण तुमच्यासारख्या घरांना हे माहीत असायला हवं. तेराव्या वर्षीच्या मुलीचं तसंच होईल असं मुळीच नाही. ते बावन्न वर्षांचे होते, त्यांचं आयुष्य आणि सवयी घडून गेलेल्या होत्या. तुमच्या बहिणीचं सगळं अजून घडतंय.

बाहेर जाताना टोपी आणि गडद चष्मा द्या. गर्दीऐवजी आधी मोकळ्या, ओळखीच्या जागी जा. डोळे मिटून बसायचं असेल तर बसू द्या. अंधारात करायच्या तिच्या जुन्या गोष्टी, ज्यांत ती तुमच्यापेक्षा हुशार आहे, त्या तिच्याबरोबर करा. आणि ती तुम्हाला पाहून ओळखत नसेल, बोलल्यावरच ओळखत असेल, तर मनाला लावून घेऊ नका. समोर चेहरा आहे की दुसरं काही, एवढं पक्कं व्हायलाच अशा मुलांना काही महिने लागतात, आणि कुणाचा चेहरा हे तर त्याहून अवघड. जवळ जाताना ‘मी आले गं’ म्हणा, जसं आधी म्हणत होता. झोप, खाणं बिघडलं, उदासी आठवडेच्या आठवडे हटली नाही, तर मात्र समुपदेशकांना भेटा, त्यात उशीर करू नका.

प्रश्न : दृष्टी वाढवणारे कॉम्प्युटर गेम आणि ॲप मिळतात. मुलाला रोज त्यांसमोर बसवावं का? – एक वडील

तुमच्या डॉक्टरांनी एखाद्या ठरावीक कारणासाठी सांगितलं असेल तर करा. स्वतःहून पैसे घालू नका.

१९६३ मध्ये रिचर्ड हेल्ड आणि ॲलन हाइन या मानसशास्त्रज्ञांनी मांजराची पिल्लं एका फिरत्या दांड्याच्या दोन टोकांना बांधली. एक पिल्लू स्वतःच्या पायांनी चालायचं, दुसरं पाळण्यात बसून त्याच्या मागोमाग फिरायचं. दोघांना दिसायचं जवळजवळ तेच. पण स्वतः चाललेल्या पिल्लाला पंजा कधी टेकायचा, कड्यापाशी कुठे थांबायचं हे समजलं. पाळण्यातल्या पिल्लाला मोकळं फिरू देईपर्यंत ते जमलं नाही. हेच हेल्ड पुढे जवळपास नव्वदीत असताना २०११ च्या त्या स्पर्श-दृष्टीच्या अभ्यासातही होते. एका माणसाने हा एकच धागा अर्धं शतक धरून ठेवला, याचं मला मनापासून कौतुक आहे.

तुमच्या मुलालाही पडद्यासमोर बसवण्याऐवजी करायला द्या. मोठा, भडक रंगाचा चेंडू जमिनीवरून सरपटत टाका आणि त्याला अडवू द्या. पेल्यात पाणी ओतू द्या, आधी गडद पेल्यात दूध, मग काचेच्या पेल्यात पाणी, ते फार अवघड असतं. सांडेल, पुसायलाही त्यालाच द्या. कपड्यांच्या ढिगातून स्वतःचा शर्ट शोधू द्या, आधी रंगावरून, मग हाताने खात्री करून. आणि सहा महिन्यांनी पुन्हा दृष्टी आणि चष्म्याचा नंबर तपासून घ्या, कारण या वयात नंबर बदलत राहतो.